‘भावाले पाहून राहिली’: एका यादीचं प्रकरण

प्रकरण एका मेसेजपासून सुरू झालं, म्हणून तो आधी जसाच्या तसा देतो.

“सर्व पालकांना कळविण्यात येते की, खालील विद्यार्थी सतत गैरहजर आहेत. पालकांनी याची गांभीर्याने दखल घ्यावी, अन्यथा नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल.” खाली सहा मुलांची नावं, वर्ग आणि प्रत्येकापुढे गैरहजर दिवसांचा आकडा. शुक्रवारी संध्याकाळी शाळा सुटल्यावर हा मेसेज पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला. मंगळवारी ३८ पैकी १४ मुलं शाळेत होती आणि गावकरी बुधवारी कुलूप ठोकणार होते.

शाळा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका कापसाच्या गावातली. जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक. शिक्षण हक्क कायद्याच्या हिशेबात ६० मुलांपर्यंत दोनच मिळतात. मी तिथला केंद्रप्रमुख, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणारा, होतो. गावाचं नाव सांगत नाही; कापसाच्या पट्ट्यातल्या कुणालाही ते आपलंच वाटेल.

दोघांतल्या प्रभारी मुख्याध्यापिका मॅडम त्याच तालुक्यातल्या, या शाळेत १९ वर्षं झालेल्या. दुसरे सर कोल्हापूरकडचे, शिक्षक भरतीच्या सरकारी ‘पवित्र’ पोर्टलवरून निवड होऊन आलेले, शिक्षणसेवक, म्हणजे अजून मानधनावरचे शिक्षक. मानधन १६ हजार, त्यातून खोलीभाडं, डबा आणि गावी पाठवायचे पैसे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्राच्या मागून, जूनच्या शेवटी उघडतात. तेव्हापासून ते गावात होते. मेसेज टाकला तेव्हा दिवाळी होऊन दुसरा आठवडा लागला होता. माणूस कष्टाळू होता, हे आधीच सांगून ठेवतो. सुट्टीच्या दिवशी शाळेच्या भिंती रंगवणारा शिक्षक मला माझ्या केंद्रात दुसरा मिळाला नाही.

दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी भरात येते. पहाटे भाकरी बांधून बाया वावरात जातात, दिवस मावळायला काट्यावर कापूस मोजतात आणि किलोवर मजुरी घेतात. त्या हंगामात दर किलोमागे दहा रुपयांच्या आसपास होता. चांगला हात असलेली बाई ओटी भरून भरून दिवसाला ४० किलोपर्यंत काढते. वेचणीचे दिवस मोजकेच असतात आणि वर्षाचं किराणा सामान, उधारी, बाजार सगळं त्यावर अवलंबून असतं. घरात तान्हं लेकरू असेल तर ते कुणाकडे ठेवायचं, हा प्रश्न त्या दिवसांत घरोघरी असतो. अंगणवाडी तीन वर्षांवरच्या मुलांना बसवून घेते. त्याखालच्यांना घरी न्यायचा आहार मिळतो, सांभाळणारं कुणी मिळत नाही. मग घरातली आठ-नऊ वर्षांची मुलगी असते.

यादीतलं तिसरं नाव अशाच एका चौथीतल्या मुलीचं होतं.

तिच्या बापाकडे बटनाचा मोबाईल. ग्रुपवर त्याच्या नावानं शेजाऱ्याचा नंबर होता. त्यामुळे मेसेज त्याच्यापर्यंत पोचला तो पानठेल्यावर, दहा-बारा माणसांसमोर, मोठ्यानं वाचून दाखवलेला. वाचणाऱ्यानं ‘कार्यवाही’चं ‘कारवाई’ केलं. मुद्दाम नाही. गावात तो दुसराच शब्द चालतो. “तुह्या पोरीवर कारवाई होऊन राहिली बे,” असं ते वाक्य त्याच्या कानावर पडलं.

या दोन शब्दांपाशी थोडं थांबायला हवं. ‘पुढील कार्यवाहीस्तव सादर’ हे आमच्या कार्यालयांत प्रत्येक कागदावर असतं, खडूच्या मागणीवरसुद्धा. तो शब्द इतका गुळगुळीत झालाय की लिहिताना आम्हाला तो दिसतही नाही. गावात कारवाई होते ती रेतीच्या ट्रॅक्टरवर आणि मोहाच्या दारूवर. त्या बापाचं घरकुल अर्धं बांधून झालेलं, पुढचा हप्ता अडकलेला. आधी त्याच्या डोक्यात हप्ताच आला. मग राशन. मग मुलीला मिळणारा उपस्थिती भत्ता, जो दिवसाला १ रुपया आहे.

गंमत अशी की, ज्या नियमाचा धाक घातला तो नियम नव्हताच. मुलाला शाळेत घालणं हे शिक्षण हक्क कायद्यात पालकाचं कर्तव्य म्हटलंय, पण ते न पाळल्याची शिक्षा त्या कायद्यात नाही. मुलाला शाळेतून काढून टाकायला तर त्यात बंदीच आहे. म्हणजे सरांकडे जी काठी नव्हती ती त्यांनी उगारली होती, आणि समोरच्यानं ती खरी मानली.

सोमवारी बाप चार-पाच माणसं घेऊन शाळेत आला. सोबत उपसरपंच. “पोरीचं नाव चौकात काढाले तुमाले कोनं सांगतलं?” हा त्याचा प्रश्न. सर म्हणाले, “आवाज खाली ठेवा, ही शाळा आहे.” या वाक्यात चुकीचं काही नाही. फक्त ते त्या प्रश्नाचं उत्तर नाही. मुलीचं नाव चौकात निघालं की नाही, एवढंच त्याला विचारायचं होतं, आणि ते निघालं होतं. पुढे आवाज दोन्हीकडून चढले, पहिलीतली मुलं रडायला लागली, मॅडम मध्ये पडल्या. संध्याकाळी शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांचा मला फोन आला.

माझं पहिलं काम मी काय केलं? सरांना पत्र काढलं: २४ तासांच्या आत लेखी खुलासा सादर करावा. नोकरीत इतकी वर्षं काढल्यावर हात आपोआप तिकडेच जातो. कागद निघाला की आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं आणि अंगावरची जबाबदारी दुसऱ्याच्या टेबलावर जाते. आणि जे मी त्या पत्रात लिहिलं नाही ते असं: ऑक्टोबरच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्यांसमोर मीच म्हणालो होतो, “उपस्थिती घसरली तर नावं काढा, ग्रुपवर टाका, थोडी लाज वाटू द्या.” बाकीच्यांनी ऐकून सोडून दिलं, कारण ते मला ओळखतात. नवीन माणसानं खरं मानलं.

मंगळवारी दुपारी मी शाळेत गेलो. हजेरीपत्रक मागितलं. सरांनी शेरा लिहिण्याच्या जागेत प्रत्येक गैरहजेरीचं कारण लिहिलेलं होतं, बारीक, नीट अक्षरात. ताप. लग्न. बाजार. मुलीच्या ओळीत लिहिलं होतं: ‘भावाला पाहून राहिली.’ तीच नोंद पुन्हा पुन्हा.

“याचा अर्थ काय?” मी विचारलं.

“तिचा मोठा भाऊ पलीकडच्या गावात सातवीला आहे सर. तोही शाळा बुडवतोय. त्याचं बघून हीसुद्धा घरात बसते. मी स्वतः विचारलंय तिला.”

मॅडम बाजूला खिचडीचा तांदूळ नोंदवत होत्या. त्यांचा पेन थांबला. “सर, ती काय बोलली ते तिच्याच शब्दात सांगा बरं.”

“हेच की. ‘भावाले पाहून राहिली.’”

मॅडमना आधी हसू आलं, मग ते गेलं. वऱ्हाडीत ‘जाऊन राहिलो’ म्हणजे ‘जातोय’, ‘खाऊन राहिलो’ म्हणजे ‘खातोय’. क्रिया चालू आहे एवढंच ते सांगतं; राहण्याशी त्याचा संबंध नाही. आणि लेकराला पाहणं म्हणजे सांभाळणं. मुलगी सांगत होती, मी भावाला सांभाळतेय. दीड वर्षाच्या, धाकट्या भावाला. सरांनी ऐकलं ते असं: भावाचं बघून ती घरी राहिली. शब्द सगळे मराठी, क्रमही तोच, आणि अर्थ उलटा. कामाला जुंपलेलं पोर नोंदवहीत कामचुकार झालं.

सर काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “जुलैत एक मुलगा म्हणाला, ‘सर, मी घरी जाऊन राहिलो.’ मला वाटलं काल घरी राहिला होता. तो माझ्यासमोरून उठून चालू लागला तेव्हा समजलं.” तेव्हा त्यावर ते स्वतःच हसले होते. पण त्यावरून पुढचं पाऊल, म्हणजे न कळलेलं वाक्य दुसऱ्यांदा विचारायचं, ते पडलं नाही. कारण सोपं आहे. मराठीच्या शिक्षकानं मराठी वाक्याचा अर्थ विचारायचा कसा? मेळघाटात कोरकू किंवा तांड्यावर गोरमाटी बोलणारी मुलं समोर असतील तर भाषा येत नाही हे दोघांनाही माहीत असतं, माणूस सावध राहतो. इथं आपलीच भाषा आहे असं वाटत असतं, आणि तीच फसवते.

आता मॅडमकडे वळतो, कारण मला जास्त बोलायचंय ते त्यांच्याबद्दल. सरांनी मेसेज टाकण्याआधी त्यांना दाखवला होता. त्या म्हणाल्या होत्या, “टाका.” १९ वर्षं गावात असलेली बाई, त्या सहा घरांच्या चुली माहीत असलेली, असं कसं म्हणाली? मी विचारलं तेव्हा त्यांनी दोन कारणं दिली. पहिलं, त्या वेळी त्या तेलाचा हिशेब लावत होत्या आणि त्यांनी वाचलंच नाही. दुसरं कारण त्यांनी दारापर्यंत पोचवायला आल्यावर सांगितलं. आधीच्या एका तरुण शिक्षकाला त्यांनी असंच काही सांगितलं होतं. त्यानं सगळीकडे सांगितलं की बाई काम करू देत नाहीत. तेव्हापासून त्यांनी ठरवलं, विचारलं तर सांगायचं. इकडे सर विचारत नव्हते, कारण दर वेळी विचारलं तर आपल्याला काही येत नाही असं दिसेल. एका खोलीत दोन खुर्च्या, मध्ये एक टेबल, आणि गावाची सगळी माहिती एका खुर्चीवर तर मोबाईल दुसऱ्या खुर्चीवर. पाच महिने.

असं फक्त शाळेत होतं असं नाही. कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा, गाडीत हात घालतो, यंत्र लावतो आणि म्हणतो, “चालत नाही, पुढं व्हा.” दुसरा ग्रेडर तेच करतो आणि म्हणतो, “ओलावा १२ च्या वर आहे दादा, दोन दिवस वाळवून आणा.” नियम दोघांचा एकच, गाडी दोघांकडूनही परत जाते. पण पहिल्याकडे दुपारी भांडण होतं. आणि नव्या ग्रेडरला हे जुना हमाल सांगू शकला असता, पण त्याला कोण विचारतो?

मी सुचवलं की उपसरपंच आणि अध्यक्षांना बोलावून संध्याकाळी समेट करू. माझ्या अनुभवात हे चालतं: चार माणसं, चहा, दोन शब्द इकडे, दोन तिकडे. मॅडम म्हणाल्या, “आधी त्या पोरीच्या मायकडे जाऊ. ती काट्यावरून साडेसातला घरी येते.” मला ते वेळखाऊ वाटलं. तरी थांबलो.

मधल्या वेळात सरांनी पायरीवर बसून माफीचं वाक्य लिहिलं. पहिला मसुदा: “माझ्या संदेशामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असल्यास मी दिलगिरी व्यक्त करतो.” हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की ते माफी वाटतं. जरा उलगडून बघा. ‘कुणाच्या’ म्हटलं की समोरचा माणूस गायब होतो. ‘असल्यास’ म्हटलं की झालं की नाही हेच अजून ठरायचंय. आणि ‘भावना’? बापाची भावना दुखावली नव्हती, त्याचा हप्ता धोक्यात आला होता आणि मुलीचं नाव पानठेल्यावर वाचलं गेलं होतं.

दुसरा मसुदा लांब होता. त्यात वरिष्ठांच्या सूचनेनुसार यादी टाकली असा उल्लेख होता. वरिष्ठ म्हणजे मी. तो खरा होता, आणि वाचताना माझे कान गरम झाले. मी म्हणालो, हे काढा, यानं वाक्य लांबतं. तेव्हा खरं कारण सांगितलं नाही. पुढे आठवड्यानं मोटारसायकलवर मागे बसलेल्या सरांना, मान न वळवता, एवढं म्हणालो की त्या परिषदेत मी बोललो ते चुकीचं होतं आणि खुलाशाचं पत्र मी मागे घेतलंय. ते “बरं सर” म्हणाले. समोरासमोर बोलायला हवं होतं, हे मला कळतं.

तिसरा मसुदा कागदावर नव्हता. मॅडमनी विचारलं, “तुम्ही काय चुकलात ते मले सांगा, फक्त मले.” सर म्हणाले, “ती काय सांगतेय ते मला समजलं नाही, आणि मी परत विचारलं नाही. आणि नाव सगळ्यांसमोर टाकलं.” मॅडम म्हणाल्या, “झालं. हेच बोला.”

घर दोन खोल्यांचं, समोर विटांचा ढीग. मुलगी चुलीपाशी, कडेवर भाऊ. सरांना बघून ती आत गेली. मायचे हात बोंडांच्या टोकांनी ओरखडलेले, केसात कापसाचे तंतू. सरांनी उभ्यानंच तेच तीन वाक्यांचं बोलणं केलं, मायकडे बघून. ती लगेच काही बोलली नाही. मग म्हणाली, “आमची भाषा समजत नसन तं विचारत जा ना जी. पोट्टी काही खोटी नाही बोलत.”

बाप खाटेवर बसलेला. त्यानं माफी ऐकली की नाही कोण जाणे. त्याचा प्रश्न एकच होता: “मंग ते कारवाईचं काय झालं?”

मी सांगितलं की अशी कारवाई नसतेच. घरकुलाचा आणि शाळेचा संबंध नाही, राशनचा नाही, नाव कापता येत नाही. त्यानं तेच पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मॅडमनी वऱ्हाडीत सांगितलं, आणि मग तो “बसा” म्हणाला. चहा काळा होता. भीती गेल्यावर राग उतरायला पाच मिनिटंही लागली नाहीत. त्या घरात सर फक्त माफी मागून परत आले असते तर कुलूप बहुतेक तरीही लागलं असतं.

व्यवस्थापन समितीची सभा त्याच रात्री नऊला समाजमंदिरात घेतली. आतापर्यंत आमच्या सभा दुपारी बाराला, शाळेत, खुर्च्यांवर. कायद्यानं या समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या महिला. पण वेचणीच्या दिवसांत दुपारी बाराला कोणती बाई येणार? सह्या घरपोच घेतल्या जायच्या, हे सगळ्यांना माहीत आहे. रात्री सतरंजीवर सात बाया आल्या. कुलपाचा विषय त्यांनीच मोडीत काढला: “कुलूप ठोकलं तं दिवसभर लेकरं कोन पाहीन?” यादीतल्या सहापैकी चौघी धाकट्या भावंडांसाठी घरी होत्या, हे तिथं कळलं. चारही मुली. शाळेत हे मॅडमना अर्धवट माहीत होतं, सरांना नाही, मला तर नाहीच. माझ्याकडे टक्केवारी होती.

ठरलं असं: वेचणी संपेपर्यंत मुलींनी धाकट्यांना सोबत घेऊन शाळेत यायचं. मॅडमना तपासणीची काळजी. मी म्हणालो, तपासायला मीच येणार आहे. हा उपाय फार छान चालला असं सांगता येत नाही. पहिल्या दिवशी एका लेकरानं खडू खाल्ला. दुसरं आठवडाभर रडत होतं, त्याच्या बहिणीनं कंटाळून येणं सोडलं. चौघींपैकी दोघी बऱ्यापैकी नियमित आल्या, त्यात आपली तिसऱ्या नावाची मुलगी होती. सर फळ्यावर भागाकार घालत आणि तिचा भाऊ त्यांच्या बुटाची नाडी सोडत बसे. यादीतले उरलेले दोन मुलगे शेवटपर्यंत फारसे आले नाहीत. त्यांचं कारण वेगळं होतं, त्यावर आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

मध्ये डिसेंबरात सर एका प्रशिक्षणाला गेले. नव्या शैक्षणिक धोरणानुसार शिक्षकानं वर्षाला ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यायचे असतात. तिथं जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं पडद्यावर दाखवली: स्वजाणीव, समानुभूती, प्रभावी संप्रेषण आणि पुढची सात. यादी चांगली आहे, माझी तिच्याशी तक्रार नाही. सरांनी येऊन वही दाखवली. समानुभूतीसमोर त्यांनी व्याख्या उतरवून घेतली होती आणि खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘साडेसातला, काट्यावरून आल्यावर.’

ग्रुप अजून आहे. त्यावर आता सुट्टीची सूचना आणि लसीकरणाची तारीख एवढंच जातं. एखाद्या मुलाबद्दल काही असेल तर फोन, आणि फोन दुसऱ्याचा असेल तर घरी. सर काहीही लिहिलं की आधी मॅडमना मोठ्यानं वाचायला देतात. त्या वाचताना अडखळतात किंवा हसतात, तो शब्द जातो. मॅडमनीही न विचारता सांगायला सुरुवात केली आहे, थोडी, सुरुवातीला “तुम्हाले राग नसन येत तं” असं म्हणून.

हजेरीच्या शेऱ्यासाठी सरांनी वेगळी वही केली. दोन रकाने आखलेत: एकात मुलाचे शब्द, दुसऱ्यात अर्थ. जानेवारीत मी गेलो तेव्हा ती उघडून बघितली. दुसरीतल्या एका मुलाच्या ओळीत पहिल्या रकान्यात होतं, ‘बाप झोपून राहिला.’ दुसरा रकाना कोरा, पेन्सिलीनं एक प्रश्नचिन्ह. सर कुठे आहेत म्हणून विचारलं तर मॅडम म्हणाल्या, “त्याच्याच घरी गेले, जेवणाच्या सुट्टीत. येतीलच.”